धूम्रपान आणि रक्तवाहिन्या: अंतःस्तराची हानी, अँटिऑक्सिडंटांची घट आणि सुधारणेच्या शक्यता

धूम्रपानाच्या दुष्परिणामांचा विचार सर्वसाधारणपणे फुप्फुसांच्या संदर्भात केला जातो, आणि सिगारेटच्या पाकिटांवरील इशाऱ्यांनीही लोकांच्या मनात प्रामुख्याने कर्करोगाचीच भीती रुजवली आहे. परंतु धूम्रपान करणाऱ्यांच्या अकाली मृत्यूंचा फार मोठा वाटा हृदयविकार आणि पक्षाघात यांचा, म्हणजेच रक्तवाहिन्यांच्या रोगांचा असतो. धूर शिरतो तो फुप्फुसांत; मग हानी हृदयाच्या, मेंदूच्या किंवा पायाच्या धमनीत का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांतील संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. त्या उत्तरात दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत: एक रक्तवाहिनीच्या आतील पातळ अस्तराचा, म्हणजे अंतःस्तराचा, आणि दुसरा शरीरातील अँटिऑक्सिडंटांचा. या दोन्ही धाग्यांविषयी पक्के काय आहे, पुरावा परस्परविरोधी कोठे आहे आणि त्यातून धूम्रपान करणाऱ्या माणसासाठी कोणता निष्कर्ष निघतो, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

अंतःस्तर आणि नायट्रिक ऑक्साइड

हृदयापासून पायाच्या बोटापर्यंत प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो, त्याला अंतःस्तर म्हणतात. रक्त आणि वाहिनीची भिंत यांना वेगळे ठेवणारा एक निष्क्रिय पडदा, एवढेच त्याचे स्थान दीर्घकाळ मानले जात होते. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की या अमेरिकी संशोधकांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करून दाखवून दिले, की ॲसिटिलकोलीन या रसायनामुळे धमनी सैल पडते ती अंतःस्तर शाबूत असेल तरच. तो खरवडून काढला, तर धमनी सैल पडत नाही. याचा अर्थ, अंतःस्तरातून असा काही पदार्थ पाझरतो जो भिंतीतील स्नायूंना सैल होण्याचा संदेश देतो. हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, हे पुढे सिद्ध झाले आणि त्या शोधाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीड मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रिक ऑक्साइडचे काम वाहिनी रुंद करण्यापुरते मर्यादित नाही. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट या सूक्ष्म कणांना तो एकमेकांना चिकटू देत नाही, पांढऱ्या पेशींना भिंतीवर बसू देत नाही आणि भिंतीतील स्नायुपेशींच्या अवाजवी वाढीला आळा घालतो. धमनीकाठिण्य, म्हणजे धमनीच्या भिंतीत मेद साचून ती जाड व कडक होण्याची प्रक्रिया, ज्या ज्या पायऱ्यांनी पुढे सरकते, त्यांपैकी बहुतेक पायऱ्यांवर नायट्रिक ऑक्साइड अडसर म्हणून उभा असतो. आणि म्हणूनच त्याची उपलब्धता घटणे ही या रोगाची सुरुवात मानली जाते.

धूर काय घेऊन येतो

तंबाखूच्या धुरात हजारो रसायने असली, तरी रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तीन गट महत्त्वाचे आहेत. पहिले निकोटीन: ते व्यसन लावते, ॲड्रेनॅलीनसारखी संप्रेरके रक्तात सोडायला लावते, त्यामुळे नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि धमन्या आकसतात. दुसरा कार्बन मोनॉक्साइड: हिमोग्लोबिनशी जोडले जाण्याची त्याची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे तो ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि निकोटीनमुळे हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते नेमक्या त्याच वेळी पुरवठा कमी होतो. तिसरा आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गट म्हणजे ऑक्सिडीकारक पदार्थ, ज्यांत मुक्तमूलके येतात. ज्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो त्याला मुक्तमूलक म्हणतात. असा रेणू शेजारच्या मेदाचा, प्रथिनाचा किंवा डीएनएचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि नुकसानीची साखळी सुरू करतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्यम प्रायर यांच्या मोजमापानुसार सिगारेटच्या एका झुरक्यातील वायुरूप भागात सुमारे १०¹⁵ (एकावर पंधरा शून्ये) मुक्तमूलके असतात, आणि डांबरासारख्या चिकट भागात याहून दीर्घकाळ टिकणारी मूलके असतात. अक्रोलिनसारखे तिखट अल्डिहाइड आणि कॅडमियमसारखे धातू त्यात भर घालतात.

धुरातून आलेली मूलके हा या माऱ्याचा एक भाग झाला. धुरामुळे चेतवल्या गेलेल्या पांढऱ्या पेशी आणि खुद्द अंतःस्तराच्या पेशी सुपरऑक्साइड हे मूलक तयार करू लागतात. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड समोरासमोर येताच त्यांची अत्यंत वेगाने अभिक्रिया होऊन पेरॉक्सिनायट्राइट हा दाहक पदार्थ बनतो, म्हणजे एक संरक्षक रेणू खर्ची पडतो आणि त्याच्या जागी एक घातक रेणू येतो. हानी येथेही थांबत नाही. नायट्रिक ऑक्साइड तयार करणाऱ्या एन्झाइमला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या साहाय्यक रेणूची गरज असते. ऑक्सिडीकरणाने हा रेणू निकामी झाला, की तेच एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड निर्माण करू लागते. ज्या यंत्रणेने वाहिनीचे रक्षण करायचे तीच हानीचा उगम बनते, आणि धूम्रपानाने सुरू झालेले दुष्टचक्र धूर नसलेल्या मधल्या वेळातही फिरत राहते.

हानीचे मोजमाप

जिवंत माणसाच्या धमनीतील ही हानी पाहता येते ती एका सोप्या चाचणीमुळे. व्यक्तीला शांतपणे झोपवून दंडातील धमनीचा व्यास अल्ट्रासाउंडने मोजला जातो. मग हातावर रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळून सुमारे पाच मिनिटे रक्तप्रवाह थांबवला जातो. पट्टा सोडताच रक्त जोराने धावते, त्या प्रवाहाच्या घर्षणाने निरोगी अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि मिनिटभरात धमनी काही टक्के रुंदावते. नंतर जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देऊन पुन्हा मोजमाप होते. हे औषध अंतःस्तराला वगळून थेट स्नायूंवर काम करत असल्यामुळे दोष स्नायूंत आहे की अंतःस्तरात, याचा निवाडा त्यातून होतो.

डेव्हिड सेलेरमेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये याच पद्धतीने १५ ते ५७ वर्षे वयाच्या दोनशे निरोगी व्यक्तींची तपासणी प्रसिद्ध केली. कधीही धूम्रपान न केलेल्यांची धमनी सरासरी १० टक्के रुंदावली, तर धूम्रपान करणाऱ्यांची सरासरी केवळ ४ टक्के, आणि काहींच्या धमनीत तर कसलाच फरक पडला नाही. नायट्रोग्लिसरिनला मात्र दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखाच होता. या लोकांना हृदयविकाराचे कोणतेही लक्षण नव्हते आणि त्यांतले अनेक जण विशी-तिशीतले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते. याच गटाने १९९६ मध्ये १५ ते ३० वर्षे वयाच्या व्यक्तींची तुलना केली, तेव्हा स्वतः कधीही न ओढलेल्या, परंतु वर्षानुवर्षे घरात वा कामाच्या जागी इतरांचा धूर सोसलेल्या तरुणांची धमनी सुमारे ३ टक्केच रुंदावलेली आढळली, म्हणजे त्यांची स्थिती प्रत्यक्ष धूम्रपान करणाऱ्यांहून फारशी वेगळी नव्हती.

अँटिऑक्सिडंटांची पातळी

मुक्तमूलकांना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन शांत करणारे किंवा त्यांचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करणारे रेणू म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्यांचे दोन वर्ग आहेत. आहारातून मिळणाऱ्यांत क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीनसारखी कॅरोटिनॉइड येतात; शरीर स्वतः घडवते त्यांत ग्लुटाथायोन, युरिक ॲसिड आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमे येतात.

यांपैकी क जीवनसत्त्वाविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते कमी आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसले आहे. त्याला आहार काही अंशी जबाबदार असतो, कारण धूम्रपान करणारे लोक सरासरीने फळे व भाज्या कमी खातात. परंतु आहारातील फरक हिशेबात धरल्यावरही तूट उरतेच, कारण त्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व अधिक वेगाने खर्ची पडते. या कारणामुळेच अमेरिकेत २००० साली ठरवलेल्या आहारमानकांत पुरुषांना रोज ९० आणि स्त्रियांना ७५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाची शिफारस करताना धूम्रपान करणाऱ्यांसाठी त्यात आणखी ३५ मिलिग्रॅमची भर घालण्यात आली. कॅरोटिनॉइडांची पातळीही अशीच घटलेली आढळते.

ई जीवनसत्त्वाचे चित्र थोडे वेगळे आहे. रक्तातील त्याची पातळी पुष्कळदा सामान्य दिसते, मात्र ते रक्तातून नाहीसे होण्याचा वेग धूम्रपान करणाऱ्यांत जास्त असतो; आणि लक्षणीय गोष्ट अशी, की त्यांना पुरेसे क जीवनसत्त्व दिल्यास हा वेग पूर्ववत होतो. याचे कारण म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन रिते झालेले ई जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करण्याचे काम क जीवनसत्त्व करते. अँटिऑक्सिडंट एकेकटे काम करत नाहीत, त्यांची साखळी असते आणि तिची एक कडी कमकुवत झाली की ताण दुसरीवर जातो, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

शरीराने घडवलेल्या अँटिऑक्सिडंटांबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांची क्रियाशीलता काही अभ्यासांत घटलेली, काहींत वाढलेली आणि काहींत जैसे थे आढळते. फुप्फुसांच्या वायुकोशांतील द्रवात तर दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांत ग्लुटाथायोन वाढलेले सापडते. हा विरोध समजून घेण्यासाठी काळाचा विचार आवश्यक आहे: धुराच्या ताज्या माऱ्याने साठा तात्पुरता घटतो, पण मारा रोजचाच झाला की पेशी जुळवून घेत उत्पादन वाढवतात, आणि ही क्षमता व्यक्तीचे वय, आहार व व्यसनाची वर्षे यांनुसार बदलते. त्यामुळे एखाद्या एन्झाइमची एका दिवशी मोजलेली पातळी हा हानीचा विश्वसनीय निदर्शक ठरत नाही. हानी मोजायची तर मूलकांनी मागे सोडलेल्या खुणा मोजणे अधिक योग्य. आयसोप्रोस्टेन ही अशी खूण आहे. पेशींच्या आवरणातील मेदावर मूलकांचा हल्ला झाला की ही संयुगे बनतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात व लघवीत ती वाढलेली असतात आणि दोन आठवडे धूम्रपान थांबवताच लक्षणीयरीत्या कमी होतात, हे १९९५ मध्ये जेसन मॉरो व सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

गोळ्यांनी तूट भरून निघते काय

अँटिऑक्सिडंट कमी पडतात आणि अंतःस्तर बिघडतो, हे दोन्ही खरे असेल, तर बाहेरून अँटिऑक्सिडंट देऊन बिघाड दुरुस्त व्हायला हवा, असा तर्क स्वाभाविक होता. सुरुवातीचे प्रयोग आशादायक ठरले. १९९६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या हाताच्या धमनीत क जीवनसत्त्व थेट सोडले, तेव्हा रक्तवाहिन्यांचा मंदावलेला प्रतिसाद तेवढ्यापुरता ठळकपणे सुधारला. परंतु या प्रयोगात रक्तातील क जीवनसत्त्वाचे प्रमाण आहाराने कधीच गाठता येणार नाही इतके वाढलेले होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना रोज १ ग्रॅम क जीवनसत्त्व तोंडावाटे दिले गेले. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत धमनीचा प्रतिसाद सुधारला, पण आठ आठवडे नियमित घेऊनही ती सुधारणा टिकली नाही.

मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याहून गंभीर होते. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी जास्त आढळले. अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले अशा १८,३१४ लोकांवरील बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्वाची चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला होता. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या २०,५३६ लोकांपैकी निम्म्यांना ई, क आणि बीटा-कॅरोटीन यांच्या एकत्रित गोळ्या पाच वर्षे दिल्या गेल्या. २००२ च्या अहवालानुसार त्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे चांगलीच वाढली, पण हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यू यांत काहीच घट झाली नाही.

या अपयशाची कारणे आता समजू लागली आहेत. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांची अभिक्रिया इतक्या वेगाने होते, की रक्तात जीवनसत्त्वाचे प्रमाण थोडे वाढवल्याने तिच्यात आडवे येता येत नाही. दुसरे असे, की जी मूलके जीवनसत्त्व गिळते तेवढीच, किंबहुना अधिक, पुढच्या सिगारेटसरशी नव्याने येतात. नळ उघडाच ठेवून फरशी पुसत राहावे तसा हा प्रयत्न ठरतो. तिसरे असे, की धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीनचे स्वतःचेच विघटन होऊन घातक पदार्थ बनू शकतात. आवळा, पेरू, लिंबू आणि पालेभाज्या भरपूर खाणे सर्वांप्रमाणे धूम्रपान करणाऱ्यांनाही हितकारकच आहे. परंतु कोणतेही फळ वा गोळी धुरावरचा उतारा नाही, एवढे या चाचण्यांनी निर्विवादपणे ठरवले.

बिघाडापासून रोगापर्यंत

अंतःस्तराचा बिघाड कालांतराने रोगाचे रूप घेतो. बिघडलेल्या अंतःस्तरातून एलडीएल हे कोलेस्टेरॉल वाहणारे कण भिंतीत शिरतात, तेथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मेदाने फुगतात आणि त्यांच्या साचण्यातून गाठ तयार होते. त्याच वेळी रक्तात फायब्रिनोजेन हे गोठण्याला मदत करणारे प्रथिन वाढलेले असते, प्लेटलेट अधिक चिकट झालेल्या असतात आणि गुठळी विरघळवणारा पदार्थ सोडण्याची अंतःस्तराची क्षमता घटलेली असते. त्यामुळे मेदाची गाठ फुटताच तिच्यावर गुठळी चढते आणि धमनी बंद होते. फार अरुंद न झालेल्या धमनीतही तरुण धूम्रपान करणाऱ्याला अचानक हृदयविकाराचा झटका येतो, त्यामागे पुष्कळदा हीच प्रक्रिया असते.

तंबाखू आणि रक्तवाहिनी यांचा संबंध उघड्या डोळ्यांनी दिसतो तो बर्गर रोगात. १९०८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिओ बर्गर यांनी सविस्तर वर्णिलेल्या या रोगात हातापायांच्या लहान व मध्यम धमन्या दाह आणि गुठळ्यांमुळे बंद होत जातात. रोगी बहुधा पन्नाशीच्या आतला आणि तंबाखूचे व्यसन असलेला असतो. सुरुवातीला चालताना पोटरीत किंवा तळव्यात गोळे येतात, पुढे विश्रांतीतही वेदना थांबत नाहीत, बोटे थंड व निळसर पडतात, नखाशेजारची जखम भरत नाही आणि अखेरीस गँगरीन होऊन बोट वा पाय कापण्याची वेळ येते. भारतात या रोगाच्या रुग्णांत विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणजे ज्यांचा रोजगार हातापायांवर चालतो त्यांचेच हातपाय यात जातात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच यावरचा परिणामकारक उपाय आहे. गँगरीन होण्यापूर्वी तंबाखू सुटली तर बहुतेक रुग्णांचा अवयव वाचतो, आणि थोडीशी जरी चालू राहिली तरी रोग पुढे सरकतो.

मात्रेचा प्रश्न आणि भारतीय संदर्भ

दिवसाला दोन-तीनच सिगारेटी ओढतो, त्याने काही होत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ढोबळमानाने सिगारेटींच्या संख्येबरोबर चढत जातो; रक्तवाहिन्यांचे गणित तसे नाही. २०१८ मध्ये ॲलन हॅकशॉ व सहकाऱ्यांनी १४१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषांत हृदयधमनीविकाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट, आणि रोज एकच ओढणाऱ्यांत ४८ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणजे संख्या वीसपट कमी करूनही अतिरिक्त धोका जेमतेम निम्मा झाला. प्रयोगशाळेतील निरीक्षणे याच्याशी जुळतात, कारण कमी आणि जास्त ओढणाऱ्यांच्या अंतःस्तराचा बिघाड जवळपास सारखाच आढळला आहे. अंतःस्तर धुराच्या अल्प मात्रेलाही इतका संवेदनशील आहे, की त्याच्या बाबतीत सुरक्षित मात्रा म्हणून काही उरत नाही, आणि घरातील इतरांना धूर सोसायला लावणे ही केवळ गैरसोय न राहता त्यांच्या धमन्यांवरचा आघात ठरतो.

भारतात या प्रश्नाला विडीचे परिमाण आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील ७.७ टक्के प्रौढ विडी आणि ४ टक्के प्रौढ सिगारेट ओढत होते. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असली, तरी तेंदूचे पान सच्छिद्र नसते आणि विडी विझू नये म्हणून वारंवार, खोल झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड शरीरात कमी जात नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात विडी ओढणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांइतकीच आढळली. मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या आणि प्रकाश गुप्ता यांनी चालवलेल्या दीर्घकालीन पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्युधोका न ओढणाऱ्यांच्या १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांचा १.६४ पट निघाला. विडी सौम्य असते, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात त्याच राष्ट्रीय पाहणीच्या वेळी धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू चघळणारे किंवा मशेरी लावणारे २४.४ टक्के होते. धूरविरहित तंबाखूत ज्वलनातून येणारी मूलके आणि कार्बन मोनॉक्साइड नसतात, त्यामुळे या लेखातील सर्व विवेचन तिला जसेच्या तसे लागू होत नाही. तरीही निकोटीन तिच्यातून मिळतेच आणि ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. धूम्रपान सोडून मशेरी वा गुटख्याकडे वळणे हा सुटकेचा मार्ग नाही.

सुधारणेचा पुरावा

या साऱ्या संशोधनातील सर्वांत आश्वासक भाग शेवटी येतो. अंतःस्तराचा बिघाड बऱ्याच अंशी भरून निघण्यासारखा आहे. सेलेरमेयर यांच्या पाहणीत सिगारेट सोडलेल्यांच्या धमन्यांची स्थिती ओढणाऱ्यांहून चांगली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १,५०४ धूम्रपान करणाऱ्यांना सोडण्यासाठी मदत करण्यात आली, आणि जे वर्षभर दूर राहिले त्यांच्या धमनीचा प्रतिसाद ६.२ टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर गेला. दरम्यान त्यांचे वजन वाढले असूनही ही सुधारणा झाली. शेवटच्या सिगारेटनंतर दिवसभरातच कार्बन मोनॉक्साइड रक्तातून बव्हंशी निघून जातो, आयसोप्रोस्टेन आठवड्यांत उतरतात आणि खर्ची पडणारे क जीवनसत्त्व पुन्हा साठू लागते. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी सुमारे दहा वर्षे लवकर मरण पावतात, ती साठाव्या वर्षी सोडल्यास सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ वर्षे परत मिळतात आणि तिशीत सोडल्यास जवळजवळ सगळीच.

एकूण पुराव्याचा निष्कर्ष असा, की धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातील अँटिऑक्सिडंटांची घट ही हानीची खूण आणि तिचा एक दुवा आहे, तिचे मूळ नव्हे. म्हणून ती घट गोळ्यांनी भरून काढण्याच्या प्रयत्नांना अपयश आले आणि धूर थांबवण्याला मात्र प्रत्येक वयात यश आले. वैद्यकीय सल्ल्यात याचे प्रतिबिंब पडणे आवश्यक आहे. जीवनसत्त्वाची गोळी लिहून देण्याऐवजी व्यसनमुक्तीचे समुपदेशन आणि धूम्रपान सोडायला मदत करणारी औषधे रुग्णाच्या हाती पोहोचली पाहिजेत, विडी कामगार आणि कष्टकरी वस्त्यांपर्यंत ती मोफत गेली पाहिजेत, आणि ‘कमी करा’ या सल्ल्याची जागा ‘पूर्णपणे सोडा’ या सल्ल्याने घेतली पाहिजे, कारण रक्तवाहिन्यांपुरते बोलायचे तर अर्धवट सोडण्याचा लाभ फार थोडा आणि पूर्ण सोडण्याचा लाभ फार मोठा आहे.